आत्याच्या मंगलाष्टकांना माझी साथ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? धारला आमच्या पुतणीचं लग्न दोनदा लागलं. त्याच मांडवात, त्याच नवऱ्याशी! आणि तेही माझ्यामुळे.

मी देवासचा. नोकरी कारखान्यात, जीव सॅक्सोफोनमध्ये. वीस वर्षं वाजवतोय. आमची सुमनआत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं तीच म्हणते. हल्ली आवाज खाली उतरलाय, दम पुरत नाही. म्हणाली, "विनू, यंदा मला सुराची साथ दे. घरातलं हे शेवटचंच लग्न, मग मी काही गायची नाही. पण तुझा तो भोंगा नको रे, माझा आवाज खाऊन टाकतो."

म्हणून इंदूरच्या मित्राकडून बास क्लॅरिनेट आणलं. पाहिलंय कधी? छातीपर्यंत येणारा काळा नळा, खालच्या टोकाला वर वळलेला चकचकीत कर्णा. आणि खर्ज इतका मऊ, की हा आवाज येतो तरी कुठून म्हणून मी दोनदा आत डोकावून पाहिलं! मित्र म्हणाला, "भिया, दस-पंद्रह दिन किसीसे सीख तो ले." मी हसलो. सॅक्सोफोनवाल्याला काय शिकवणार? फुंकायचंच ना शेवटी?

आठ दिवस आत्याबरोबर नुसता खालचा सा धरला. सुरेख जमलं. आत्या खूश, माझं तर विचारूच नका.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला. मुलगा-मुलगी हार घेऊन उभे. मांडवाबाहेर बँडवाले शेवटच्या 'सावधान'ची वाट बघताहेत. आत्याची पहिली दोन अष्टकं अशी रंगली की बायका डोळे पुसायला लागल्या. आणि तिसऱ्याला मला हुक्की आली. आत्या वर चढतेय, तर आपणही वरचा सा द्यावा! सॅक्सोफोनवर अंगठ्याची किल्ली दाबली की तोच सूर वरचा मिळतो. दाबली.

अहो, कुकरची शिट्टी परवडली!

बाहेर बँडमास्तरांना वाटलं, ही खूणच, लागलं लग्न. ढम्म! बँड ऐकून अंतरपाट धरणाऱ्यांनी तो खाली घेतला. अंतरपाट गेला म्हणून मुलीने हार घातला. लोकांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम उधळल्या, निम्म्या माझ्या कर्ण्यात. आणि आत्या? डोळे मिटून तिसरं अष्टक गातेच आहे!

तिने डोळे उघडले, समोर हार घातलेली जोडी पाहिली आणि तिचा चेहराच पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भटजींनी घड्याळ पाहिलं. "मुहूर्ताला अजून सात मिनिटं आहेत!"

हार उतरवले, अक्षता पुन्हा वाटल्या. तेवढ्यात बँडमास्तर आत येऊन माझं वाद्य न्याहाळायला लागले. "भिया, सैक्सोफोन में अंगूठा दबाओ तो सा का सा ही मिलता है. इसमें सा का ऊपरवाला प निकलता है. किसीने बताया नहीं?"

सांगणारा होता हो, ऐकणारा नव्हता.

आत्याने पदर खोचला. "विनू, माझ्याजवळच उभा राहा. ते तोंडात धर, बोटं हलव. फुंकू मात्र नकोस."

आणि सांगतो, आत्या एकटीने सगळी अष्टकं अशी म्हटली, की दम कुठे कमी पडला नाही.

पंगतीत व्याही मुद्दाम उठून माझ्यापाशी आले. "भिया, दुसऱ्या वेळेस तर कमालच केली तुम्ही! काय सूर, काय साथ! आमच्या धाकट्याच्या लग्नाला तुम्हीच पाहिजेत."

मी आत्याकडे पाहिलं. ती श्रीखंड चाटत म्हणाली, "येईल हो, आता त्याचा हात बसलाय."

तेव्हापासून रोज सकाळी आरशासमोर उभा राहून रियाज चालू आहे. नुसते गाल फुगवायचा.