न आलेला वाघ
मोहाच्या फुलांचा वास पहाटे गोड असतो आणि ऊन चढले की डोक्यात भिनतो. आलापल्लीजवळच्या मावशीच्या गावी त्या वासाने मला जाग आली, तेव्हाही मनात कार्यालयाचाच निरोप घोळत होता: ‘आक्षेप मागे घेता येईल का?’ माणसांना अंतराळात नेणाऱ्या यानाची जोखीम मी तपासते. यान बांधणाऱ्यांत मी नाही, आणि नसावे हाच माझ्या नेमणुकीचा अर्थ. संकटात प्रवाशांना दूर नेणाऱ्या यंत्रणेतली एक झडप चाचणीत एकदाच, क्षणभर अडखळली, पुन्हा कधी नाही. ‘ताकही फुंकून पितेस,’ असे सहकारी चिडवतात; पण इथे तोंड दुसऱ्याचे पोळणार आहे. मी एकटी अडून बसले आहे, आणि खरे सांगायचे तर कंटाळलेही आहे.

या गावच्या बाया मोहफुले वेचायला घोळक्याने जातात आणि त्यांच्यातली एक फुलाला हातही लावत नाही. वाघ वाकलेल्या माणसावर येतो, म्हणून तिने ताठ उभे राहून नुसते रान पाहायचे, ऐकायचे; तिच्या वाट्याची फुले बाकीच्या देतात. त्या दिवशी, वेचण्यात माझा काय उपयोग म्हणून, ते काम माझ्या गळ्यात पडले. निष्पर्ण सागांमधून कोवळे ऊन सरळ जमिनीवर उतरले होते आणि मावशी सर्वांत पुढे, झुडपांच्या कडेला वाकली होती. तिथेच पाचोळा करकरला, झाडावरचे वानर, वाघ दिसला की खाकरते तसे, एकदा खाकरले आणि गप्प झाले.

मी ओरडले. टोपल्या टाकून सगळ्या गावाकडे धावल्या, वेचलेली फुले पायाखाली गेली. वळून पाहिले तर मागे कोणी नव्हते.

“काऊन ओरडली वं? कुठी हाय वाघ?” मावशी धापा टाकत म्हणाली. “आमची सकाळ गेली ना! दिसला असता तं बरं झालं असतं.”

तिच्या रागाचे मला वाईट वाटले नाही. वाटले ते माझेच. कारण वळून पाहताना, क्षणभर, वाघ निघावा असे मलाही वाटले होते, मी खरी ठरावी म्हणून. आणि त्या झुडपापाशी सर्वांत जवळ मावशीच होती.

दुपारी मी कळवले, आक्षेप कायम आहे. उड्डाण थांबले तर मी भित्री. झाले आणि सगळे सुखरूप परतले, तरी भित्रीच. यातून सुटायची एकच वाट आहे, आणि ती त्या माणसांच्या जिवावरून जाते. म्हणून आता मी खोटीच ठरावी, एवढे मनापासून मागते. आणि आक्षेप काही मागे घेत नाही.