रामकिसन मापाड्याचा अंदाज

रामकिसनच्या हाताबद्दल जाधववाडीच्या मोंढ्यात असं बोललं जायचं, की काटा एखाद्या वेळी खोटं बोलेल, पण हा हात बोलणार नाही. बाजरीचं पोतं नुसतं कडेनं उचलून तो सांगायचा, "एकोणपन्नास, अन् वर दोन मुठी." नवखे शेतकरी काट्यावर टाकून बघत आणि गप्प बसत. मूठभर तूर तळहातावर घेऊन दोनदा खालीवर खेळवली, की माल भरलेला आहे की पोचट, हे त्याला कळायचं. भरलेला दाणा जड, पोचट दाणा हलका. तीस वर्षं मापाडी म्हणून त्यानं एवढ्याच शास्त्रावर घर चालवलं. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडे लाल दिव्यांत दिसतात, तरी जुने आडते अजून आधी रामकिसनच्या तोंडाकडे बघतात.

अशा माणसाच्या मानगुटीवर एक वजन सहा वर्षं बसलेलं होतं. दोन किलो आठशे. चार्जर धरून सव्वातीन.

ते कधी येईल याचा नेम नव्हता. भर दुपारी, पोत्यांच्या थप्पीपाशी उभा असताना, डाव्या खांद्यावर कुणीतरी पट्टा अडकवल्यासारखं व्हायचं आणि खांदा खाली ओढला जायचा. तो दुसऱ्या हातानं खांदा चाचपायचा. तिथं शर्टाशिवाय काही नसायचं. बरोबरचा हमाल पुंडलिक म्हणायचा, "खांदा भरला काय हो, दादा? तेल चोळा." रामकिसन मान हलवायचा. तेलानं जाणारं दुखणं असतं तर त्यानं सगळा डबा अंगावर ओतून घेतला असता.

सुलेखा त्याची थोरली. विद्यापीठात एम.कॉम.ला प्रवेश मिळाला आणि तिला लॅपटॉप हवा झाला. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीत तोवर कुणाकडे लॅपटॉप नव्हता, म्हणून रामकिसन इस्त्रीचा शर्ट घालून लेकीबरोबर दुकानात गेला. तिनं दोन निवडून समोर ठेवले. एक पातळ, वहीसारखा. तिला तोच हवा होता. दुसरा जाडजूड. रामकिसननं दोन्ही दोन तळहातांवर घेतले, तुरीचा नमुना खेळवतात तसे खेळवले आणि निकाल दिला, "हा पातळ पोचट हाय, बाई. आत काय असणार त्याच्या? भरलेला माल घे." दुकानदार हसला. सुलेखानं पातळच हवा म्हणून सांगून पाहिलं, मग ऐकलं, आणि जड लॅपटॉप घरी आला.

अडीच महिन्यांनी एका सकाळी सुलेखा जालना रोडनं शेअर रिक्षातून विद्यापीठात निघाली होती. रिक्षा खचाखच भरलेली, ती अगदी कडेला टेकलेली, बॅग बाहेरच्या खांद्याला. वळणावर सुलेखा बाहेर पडली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. त्याच रिक्षात बसलेली भामाबाई नावाची भाजीवाली पाचव्या दिवशी भेटायला आली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या हात धरला व्हता पोरीचा. पर बॅगनं ओढली तिला." भामाबाई बिचारी खरं तेच बोलली. पण त्या दिवसापासून रामकिसनला नीट झोप म्हणून लागली नाही.

लॅपटॉपला साधा ओरखडाही आला नव्हता. माल भरलेला होता ना.

आणि याहून वाईट गोष्ट त्याच्या आधीच घडून गेली होती. दवाखान्याच्या आवारात मुक्ताबाईनं, त्याच्या बायकोनं, ती बॅग उचलली आणि तिच्या मनगटाला हिसका बसला. "एवढा धोंडा कुणी घेऊ दिला हिला?" ती ओरडली. रामकिसनच्या तोंडून निघून गेलं, "तिचाच हट्ट व्हता." तीन शब्द. भीतीनं निघाले, दुसऱ्या कशानं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, तेरावं-वर्षश्राद्ध असली भानगड त्यांच्या बौद्ध घरात नव्हती, पण पहिल्या वर्षाच्या स्मरणविधीला, पुण्यानुमोदनाला, भन्तेजी येतील तेव्हा तरी सांगू, असं करत करत ते शब्द घरात कायमचे राहायला आले.

मुक्ताबाईनं ते खरं धरलं. कढत भात वाढता वाढता ती मध्येच फोटोकडे बघून बोलायची, "लई हट्टी व्हतीस. मोठा लॅपटॉप पाहिजे, लोकांना दाखवायला पाहिजे. ऐकलं कुणाचं?" रोज नाही, पण आठवड्यातून चार वेळा तरी. रामकिसन खाली मान घालून घास गिळायचा. कधीकधी त्याला वाटायचं, फोटोतली पोर आईकडे बघत नाही, आपल्याकडे बघते आहे. मग तो ताट घेऊन उंबऱ्याशी बसायचा.

तोच लॅपटॉप पुढं धाकट्या सम्यकनं बी.एस्सी.ला वापरला. घराबाहेर न्यायचा नाही, ही आईची अट. तो सुरू केला की आधी पंख्याची घरघर व्हायची आणि मग पडद्यावर नाव यायचं, सुलेखा. सम्यकनं ते बदललं नाही. ती घरघर ऐकली की रामकिसन चप्पल घालून बाहेर पडायचा, भले नुकताच घरात आलेला असो.

यंदा तो लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. सम्यक पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.ला लागलेला. कधी प्रयोगशाळा, कधी वाचनालय, कधी खाम नदीच्या काठानं पाण्याचे नमुने गोळा करत हिंडायचं. रोज सोबत नेता येईल असा लॅपटॉप त्याला हवाच होता. शिष्यवृत्ती जमा झाली तसा तो म्हणाला, "पप्पा, रविवारी चला. तुम्ही असलेले बरे." पहिल्या रविवारी रामकिसनला ताप आला. दुसऱ्या रविवारी मोंढ्यात काम निघालं, आणि रविवारी मोंढा बंद असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या रविवारी मुक्ताबाईच लुगडं बदलून उभी राहिली. "तिघं जाऊ. आता मी बी बघते काय घेतो ते."

दुकान कॅनॉटच्या बाजारपेठेत, काचेच्या दाराचं. गोकुळ नावाचा विक्रेता मोठा बोलका निघाला. सम्यकला काय हवं ते त्यानं नीट विचारून घेतलं आणि चौदा इंची दोन लॅपटॉप मांडले. "हा बघा, एक किलो तीनशे. बॅटरी दिवसभर जाते. रोजच्या वापराला लई झालं. आणि हा दुसरा, जरा जड आहे, पण ताकदवान. मोठे नकाशे उघडले तरी अडकत नाही."

"एक तीनशे म्हणजे बारदान सोडून का धरून?" रामकिसननं विचारलं. सवयीनं निघून गेलं.

गोकुळला कळेना. सम्यक हसत म्हणाला, "चार्जर धरून का, विचारतायत."

"नाय नाय, चार्जर वेगळा."

"मग ते वजन खरं नाय," रामकिसन पुटपुटला. "पोराला चार्जर बी न्यावाच लागंल ना."

"पप्पा, तुम्हीच उचलून बघा की," सम्यक म्हणाला. "काट्यापेक्षा तुमचा हात बरा."

रामकिसनचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते. ते बाहेर येईनात. खांद्यावर ते वजन येऊन बसलं होतं, इतकं खरं, की तो एका बाजूला कलला आणि काउंटरला टेकला. सम्यकचं तिकडे लक्ष नव्हतं. तो जड लॅपटॉपवर बोटं फिरवत होता. "नकाशांचं काम तर आहेच मला. थोडा जड आहे, पण चालेल. हाच घेऊ का?"

तशी मुक्ताबाई कडाडली. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "तुझ्या ताईनं केलं तेच कर तू बी! तिला बी असाच हट्ट सुटला व्हता. बाप सोबत असून ऐकलं नाय पोरीनं. जिवाला मुकली आपल्याच हट्टापायी—"

"तिचा हट्ट नव्हता," रामकिसन म्हणाला.

आवाज इतका लहान होता की गोकुळनं वाकून विचारलं, "काय म्हणालात, काका?"

"ती हलका मागत व्हती. पातळवाला. मी नाय घेऊ दिला. मी म्हणलो, पोचट हाय." त्यानं एकदाचे हात खिशातून काढले आणि काउंटरवर उताणे ठेवले. "ह्या हातानं म्हणलो. मग दवाखान्यात तुला खोटं बोललो."

सम्यक बापाकडे बघतच राहिला. मुक्ताबाई वळली, काचेचं दार ढकलून बाहेर गेली आणि पायरीवर बसली. रामकिसन मागोमाग गेला, पण शेजारी बसायचं धाडस त्याला झालं नाही. तो रस्त्यावर, तिच्यापासून हातभर लांब उभा राहिला. समोरून रविवारची माणसं जात होती, मुलं आइस्क्रीम खात होती.

ती समोर बघतच बोलली, हळू. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "सहा वर्सं लेकराला बोलले मी. मेलेल्या लेकराला. अन् तुम्ही ऐकत व्हता. जेवत व्हता अन् ऐकत व्हता."

"व्हय," तो म्हणाला.

दार उघडून सम्यक बाहेर आला. हलका लॅपटॉप त्यानं घेतला होता. पिशवी पोटाशी धरून तो दोघांच्या मधोमध उभा राहिला. घरी चला असं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. मुक्ताबाईनं पदरानं तोंड पुसलं. वर मान करून तिनं नवऱ्याकडे पाहिलं, दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदाच.

"काय म्हणाली व्हती ती? दुकानात? तिचे शब्द सांगा."

हे शब्द रामकिसननं कुणाजवळ, स्वतःजवळही, मोठ्यानं उच्चारले नव्हते. "म्हणाली, पप्पा, मला रोज न्यायचा हाय, हलका घेऊ." मुक्ताबाईची नजर त्याच्या तोंडावर तशीच होती. "मी पोचट म्हणलो, तर हसली. म्हणाली, बरं, तुमच्या हाताला कळतं, पप्पा. तुम्ही म्हणता तोच घेऊ."

मुक्ताबाईनं डोळे मिटून घेतले.

"हसली?"

"हसली."

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

त्यानं परत सांगितलं.