बोटं, फोटो आणि अडुसष्ट दिवस

किस्से कोणी गोळा करत नाही, ते साठतात. सिंकखाली दह्याचे रिकामे डबे साठतात ना, तसे. एक दिवस दार उघडावं तर सगळे अंगावर! आमच्याकडे सध्या युरोपच्या बॉर्डरचे किस्से असे साठलेत. पूर्वी लोक तिकडून आले की डोंगर नि चर्च दाखवायचे, आता रांग किती होती ते सांगतात. बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो, पासपोर्टवरचे शिक्के बंद, आणि तुम्ही किती दिवस राहिलात ते कॉम्प्युटर मोजणार.

आमचा ग्रुप म्हणजे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला दर रविवारी माझ्याकडे चहाला जमणारी मंडळी. मी मंजिरी, माझा नवरा मिलिंद, चार घरं सोडून राहणारे शरदकाका आणि नलिनीकाकू, आणि शिकागोत पीएचडी करणारा नागपूरचा ओजस. हा ट्रेन पकडून येतो आणि प्रेमाने येतो म्हणतो. पोहे नसले की प्रेम कमी होतं. काका-काकूंची केतकी इथेच जन्मली, वाढली. आता नवऱ्याबरोबर म्युनिकला असते.

केतकीला सप्टेंबरमध्ये बाळ होणार होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण यंदाचे सगळे किस्से फिरून तिथेच येतात. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काकूंना जाता आलं नाही. काकू त्याबद्दल बोलत नाहीत. एकदाच, कप विसळता विसळता मला म्हणाल्या, "लेकीला आई लागत होती गं, आणि मी इथे बर्फाच्या पिशव्या भरत बसले होते." त्यामुळे या वेळी वेळेत पोचायचं आणि सव्वा महिना पुरा करूनच परतायचं, एवढं एकच त्यांनी धरलं होतं.

*

आता काका. रिटायर्ड इंजिनिअर. फॉर्म दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. जानेवारीतला रविवार, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि काका एक लॅमिनेट केलेला कागद घेऊन आले. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना आता युरोपात जाण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागणार, असं त्यांनी वाचलं होतं आणि लगेच अर्ज भरून टाकला होता. वीस मिनिटांत मंजुरीसुद्धा आली. वर सोनेरी तारे, खाली कोणाची तरी झोकदार सही.

मिलिंदने तो कागद उलटसुलट करून पाहिला, मग फोनवर खरी सरकारी वेबसाइट उघडली. ही परवानगी अजून सुरूच झाली नव्हती. अर्ज घेणंसुद्धा सुरू नव्हतं. काकांनी कुठल्या तरी भलत्याच साइटला नाव, पत्ता, पासपोर्ट नंबर, सगळं देऊन टाकलं होतं. पुढचा तासभर क्रेडिट कार्ड बंद करण्यात गेला. काका एवढंसं तोंड करून बसले, मला फार वाईट वाटलं.

काकूंना नाही वाटलं. त्या म्हणाल्या, "यांना सगळीकडे लवकर पोचायची सवय. या वेळी ऑफिस बांधायच्या आधी पोचले."

*

बोटांच्या ठशांवरून एका रविवारी भरपूर कुरकुर चालली होती. आम्ही काय चोर आहोत का, इतकी वर्षं नुसता पासपोर्ट दाखवून आत जात होतो, वगैरे. सगळ्यात मोठा आवाज मिलिंदचा. ग्रीन कार्डासाठी किती वेळा ठसे दिले ते साहेब सोयीस्करपणे विसरले होते.

ओजस खाली मान घालून खात होता. त्याचा पासपोर्ट भारतीय. लिस्बनच्या कॉन्फरन्ससाठी त्याने नुकताच व्हिसा काढलेला. त्याला बँकेची स्टेटमेंट्स, युनिव्हर्सिटीचं पत्र, इन्शुरन्स, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट एवढं सगळं द्यावं लागलं, आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसावं लागलं. कॉन्फरन्स चार दिवसांची आणि व्हिसा मिळाला मोजून पाच दिवसांचा.

"म्हणजे एक दिवस गाव बघायला मिळाला की," काका म्हणाले.

"नाही काका, तो फ्लाइट कॅन्सल झाली तर असावा म्हणून," ओजस म्हणाला आणि त्याने आणखी पोहे वाढून घेतले.

तो असताना आम्ही बोटांचा विषय परत काढला नाही.

*

जूनमध्ये आम्ही चौघं इटलीला गेलो. दहा दिवस इटली, मग आम्ही परत आणि काका-काकू बारा दिवस म्युनिकला लेकीकडे, असा बेत.

रोमला उतरलो. मशीनवर पासपोर्ट ठेवा, कॅमेऱ्यात बघा, चार बोटं ठेवा, की मग खिडकीवरच्या ऑफिसरकडे जा. यात अवघड काही नाही. पण काकांच्या पिढीने अमेरिकेच्या व्हिसासाठी फायली छातीशी धरून रांगा लावल्यात. सिटिझन होऊन तीस वर्षं झाली तरी सरकारी खिडकी दिसली की यांचा हात फायलीकडे जातो. बाईंनी नुसतं "हॅलो" म्हटलं, आणि काकांनी खिडकीतून आत सरकवायला सुरुवात केली. बँक स्टेटमेंट, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, गुडघ्याचे रिपोर्ट आणि शेवटी मुंडावळ्या बांधलेला लग्नाचा फोटो!

बाईंनी बाकीचे कागद परत ढकलले, पण फोटो निरखून पाहिला. मग काकूंना विचारलं, हे तुमचेच मिस्टर का?

"काही कल्पना नाही," काकू म्हणाल्या. "इतके केस असलेला माणूस आमच्या घरात नाही."

बाई हसल्या आणि दोघांना आत सोडलं. पण काका तिथून हलेनात, त्यांना शिक्का हवा होता. शिक्के बंद झाले, आता सगळं कॉम्प्युटरमध्ये, असं बाईंनी दोनदा सांगितलं. मग युरोपला येऊन गेल्याचा पुरावा काय, हे काकांचं म्हणणं. मागे रांग वाढत होती. शेवटी मिलिंदने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. पुढचे दहा दिवस काका प्रत्येक म्युझियमच्या तिकिटावर तारीख आहे का ते तपासत होते. आता ती सगळी तिकिटं त्या फायलीत गेलीत.

*

इथवर सगळी गंमत होती. जुलैत डॉक्टरने केतकीला सांगितलं, आता घरातच राहायचं, जास्तीत जास्त पडून राहायचं. आधीचं लक्षात घेता काळजी घेत होते, एवढंच. पण काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की लगेच निघायचं आणि बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत राहायचं.

आमच्या सगळ्यांची समजूत, व्हिसाशिवाय युरोपात नव्वद दिवस राहता येतं म्हणजे दर खेपेला नव्वद. मिलिंदने नियम वाचला आणि एक्सेल उघडलं. दर खेपेला नाही. मागच्या एकशेऐंशी दिवसांत मिळून नव्वद. इटलीचे आणि म्युनिकचे मिळून बावीस गेलेले. उरले अडुसष्ट. पूर्वी शिक्के कोण जोडून बघत होतं? आता मशीन बघणार.

काकूंनी चष्मा लावून तो आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "पिसाचा मनोरा नसता बघितला तर चाललं असतं." ट्रिपची टूम माझी होती आणि मला मान वर करवेना.

शेवटी हिशोब असा बसला. बाळाच्या तारखेआधी अठ्ठावीस दिवस आणि नंतर चाळीस. मध्ये एक दिवसही जास्तीचा नाही. बाळ तारखेला आलं तर सव्वा महिना पुरा, नाहीतर नाही. नऊ महिने थांबलेलं बाळ एक्सेलचं ऐकणार आहे का, असं मी मिलिंदला विचारलं. त्यावर त्याने फाइल सेव्ह केली.

*

एकट्या काकूंचं तिकीट काढलं, काका इथेच राहणार होते, आणि मग काकूंनी पंचांग उघडलं. निघायच्या दिवशी नेमकी अमावास्या! एक दिवस आधी निघावं तर शेवटचा एक दिवस जातो. एक दिवस नंतर निघावं तर तिकडे लेक वाट बघतेय. काकू एरवी एवढं मानणाऱ्या नाहीत. पण मागचं झाल्यापासून त्यांना कुठे काही उणं राहायला नको होतं, आणि ते मला पटत होतं.

मग त्यांनी प्रस्थान ठेवलं. आदल्या दिवशी चांगली वेळ बघून एक बॅग घराबाहेर काढायची आणि दुसऱ्याच्या घरी ठेवायची, म्हणजे आपण त्या वेळी निघालो असं धरायचं. बॅग एकदा बाहेर पडली की परत घरात न्यायची नाही, जाताना तिथूनच उचलायची. तर सुपारी, अक्षता, बाळाची दुपटी आणि डिंकाचे लाडू अशी बॅग काकांनी आमच्या दिवाणखान्यात आणून ठेवली. मिलिंद म्हणाला, "हे आपलं ऑनलाइन चेक-इन."

दुसऱ्या दिवशी मिलिंद काका-काकूंना घेऊन थेट एअरपोर्टला गेला. काकूंना वाटलं बॅग मिलिंदने गाडीत ठेवली, आणि मिलिंदला वाटलं काका येऊन घेऊन गेले. विमानतळावर काउंटरशी काकूंनी पर्स उघडली आणि तेव्हा काकांना आठवलं की निघताना महत्त्वाची गोष्ट आधी निघावी म्हणून काकूंचा पासपोर्ट त्यांनीच बॅगेत, दुपट्यांच्या घडीत ठेवला होता.

मी घरून काम करत होते. मीटिंग चालू असताना मिलिंदचा फोन आला, लॅपटॉप तसाच सोडला आणि बॅग घेऊन निघाले. हायवेवर मी आयुष्यात इतकी जोरात गाडी चालवलेली नाही. काउंटर बंद व्हायला काही मिनिटं होती तेव्हा पोचले. काका बाकावर डोकं धरून बसले होते. काकूंनी बॅग घेतली, पासपोर्ट काढला आणि मला म्हणाल्या, "कालच निघाले होते म्हणून आज पोचले."

आणि त्या रांगेत शिरल्याही.

*

म्युनिकचं मला काकूंनीच फोनवर सांगितलं, भाजी काय केली ते सांगावं तसं.

दीड तास रांग. फोटो झाला, बोटं झाली. खिडकीवर एक तरुण ऑफिसर होता. त्याने विचारलं, किती दिवस राहणार? काकू म्हणाल्या, अडुसष्ट. त्याने स्क्रीनवर बघितलं. तिथेही अडुसष्टच दिसत होते. लोक दोन आठवडे म्हणतात, महिना म्हणतात, असा नेमका आकडा कोणी सांगत नाही, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, इतक्या दिवसांत काय काय बघणार?

"मुलीला," काकू म्हणाल्या.

तो पुढचं ऐकायला थांबला. शेवटी त्यानेच विचारलं, "फक्त मुलीला बघायला अडुसष्ट दिवस?"

"कमी आहेत, माहितेय मला," काकू म्हणाल्या. "पण नियम तुमचा आहे."