कुलूपवाल्या भाऊंची परीक्षा

आरमोरीच्या आठवडी बाजारात एक भाऊ कुलपं दुरुस्त करायला बसत. तंबूतल्या सिनेमात चोरानं तारेनं क्षणात तिजोरी उघडली, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "तिजोरी हाये का मिठाचा डबा? अन् पहारेकरी सारे झोपूनच राह्यले?"

पण लोकांनी सिनेमाच खरा मानला. भाऊही असेच तारेनं आपली घरं फोडतील, या भीतीनं पुढच्या बाजारी त्यांच्या हाती कुलूप द्यायला कोणी धजेना. मग भाऊंनी सगळ्यांसमोर स्वतःचीच कुलूपबंद पेटी तारेनं उघडायला घेतली. घाम पुसत तासभर खटपट केली.

"भाऊ, तुमच्यानं चोरी काई होत नाई," म्हणत लोक हसले आणि कुलपं ठेवून गेले.

मी बाजाराची यादी घेऊन शेजारीच उभी होते. पेटीचं कुलूप पहिल्याच मिनिटाला उघडलं होतं. भाऊंनी ते हळूच पुन्हा लावलं. तरी मी माझंही कुलूप त्यांनाच दिलं.