उलटलेली कॅराव्हॅन

मर्ल हॉलिसच्या आवारात कुणी जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, ओढत आणली, की मर्ल आधी मालकाशी बोलतच नसे. खिशातली टोकदार आरी काढायची आणि गाडीच्या खालच्या कोपऱ्यांत खुपसत एक फेरी मारायची. आरी मुठीपर्यंत आत गेली की तोंड वाकडं करून म्हणायची, "वरून रंग झकास मारलाय हो. आत नुसता भुसा आहे."

मालक ओशाळायचे. पुढून अंड्यासारख्या फुगीर, प्लायवूडच्या, पन्नास सालच्या आगेमागे बांधलेल्या त्या गाड्या. पाणी कडेच्या पट्टीखालून आत शिरतं, स्क्रू गंजतात, चौकट कुजते आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. मर्लला मात्र वासावरून कळायचं. वॉलांडा गावाबाहेर तिचं पत्र्याचं आवार होतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या पश्चिमेकडच्या कोरड्या पट्ट्यात जुनी कॅराव्हॅन म्हटली की लोक तिच्याकडेच यायचे.

हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. जन्म मात्र कॅराव्हॅनमधलाच. आईबाप लहानपणीच गेले, मग काकानं सांभाळलं. क्लॅरी मस्ग्रोव्ह त्याचं नाव. त्याचा बॉक्सिंगचा तंबू होता, या गावच्या जत्रेतून त्या गावच्या जत्रेत फिरणारा. तंबूसमोर उंच फळीवर पाचसहा बॉक्सर उभे करायचे आणि क्लॅरीनं भोंग्यातून गावाला डिवचायचं, "आहे का कुणी मर्द इथे? का सगळे मेंढ्याच भादरता? तीन फेऱ्या उभं राहून दाखवा!" शेजारी नऊ वर्षांची मर्ल ढोल बडवायची. ताल चुकला की काकाचा पट्टा पाठीवर बसायचा. खेळ संपला की मधल्या चटईभोवतीचा भुसा झाडायचं कामही तिचंच. त्यात रक्ताच्या गुठळ्या असायच्या, कधी दात. पहिल्यांदा दात सापडला तेव्हा तिनं तो काकाला नेऊन दाखवला. "आपला आहे का त्यांचा?" त्यानं विचारलं. "त्यांचा." "मग टाक."

व्हर्न हॉलिस तंबूत आला तो अठराव्या वर्षी. आईला मारणाऱ्या बापाचा जबडा मोडून घरातून निघाला होता. डावखुरा, कमी बोलणारा. फळीवर उभा राहिला की गावातली पोरं त्याच्याकडे बघून हसायची, इतका साधा दिसायचा. चटईवर मात्र त्याचा डावा हात कुठून यायचा ते कुणालाच दिसायचं नाही. मर्लशी त्याचं लग्न झालं तेव्हा क्लॅरीनं दोघांना एक जुनी कॅराव्हॅन दिली, छप्पर गळणारी. तंबूत रोज माणसं लोळवणारा व्हर्न घरात कधी हात उगारत नसे. भांडण झालंच तर मर्लच तवा फेकायची.

सदुसष्ट साली मरांगाच्या जत्रेत दुपारच्या खेळाला डेस क्विल्टी नावाचा एक पोरगा वर आला. मेंढ्यांची लोकर कापणारा, बावीस वर्षांचा. मित्रांनी ढकलत ढकलत आणलेला. क्लॅरीनं व्हर्नच्या कानात नेहमीचं सांगितलं, "दुसरीपर्यंत खेळव, तिसरीत झोपव." पण हा डेस लेचापेचा नव्हता. दुसऱ्याच फेरीत त्यानं व्हर्नची भुवई फोडली. रक्त डोळ्यात उतरलं, गाव नाचायला लागलं, आणि व्हर्नचं डोकं फिरलं. डाव्या हाताच्या पहिल्या ठोशालाच डेसचे हात खाली आले. तिथे थांबायला हवं होतं. व्हर्ननं आणखी तीन मारले. डेस मागच्या मागे कोसळला आणि त्याचं डोकं मधल्या खांबाच्या लोखंडी बुडावर आपटलं.

मर्ल तेव्हा तंबूत नव्हती. पाचवा महिना होता, पाय सुजले होते, म्हणून ती मागे कॅराव्हॅनमध्ये आडवी झाली होती. तंबूतला गलका तिच्या ओळखीचा होता. लहानपणापासून ऐकलेला. तो एकदम थांबला, आणि मग जो आवाज उठला तो तिनं आधी कधी ऐकला नव्हता. कनाती फाटल्या. माणसं पळत आली. गाडीवर लाथा बसायला लागल्या.

"कुठाय तो? बाहेर काढा त्याला!"

"मी आहे आत! मी एकटीच आहे!" ती ओरडली. कुणाला ऐकू गेलं नाही.

गाडी डुलायला लागली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या हिसक्याला ती कलली ती कललीच. मर्लनं पलंगाची कड पकडली, पण पलंगच भिंतीतून उपटून आला. चूल, भांडी, कपाट, सगळं तिच्या पोटावर. दार खाली जमिनीशी दाबलं गेलं होतं. काळोखात रॉकेलचा वास पसरत होता आणि बाहेर माणसं जिंकल्यासारखी ओरडत होती. व्हर्ननं छपराचा प्लायवूड जॅकच्या दांड्यानं फोडून तिला बाहेर ओढलं, तेव्हा त्याच्या स्वतःच्या तीन बरगड्या मोडलेल्या होत्या.

मरांगाच्या हॉस्पिटलात तिची मुलगी पोटातच गेली. दुसऱ्या दिवशी दोन खोल्या पलीकडे डेस क्विल्टीही गेला. भिंतीआडून त्याच्या आईचं रडणं मर्लला ऐकू येत होतं. तिला स्वतःला रडू येत नव्हतं, आणि त्या बाईचा तिला राग राग आला.

चौकशीत अपघात ठरला. गाडी उलटवणारे कोण होते, ते गावात कुणीच पाहिलं नव्हतं म्हणे. क्लॅरीनं तंबू विकला. मर्ल आणि व्हर्न वॉलांडाबाहेर एका माळावर येऊन राहिले. त्यांच्यामागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून ती मोडकी कॅराव्हॅन आली.

व्हर्न झाडाखाली बसला तो वर्षभर बसूनच राहिला. काम मर्लनं काढलं. रागानंच काढलं. कुणाला तरी फाडायचं होतं, तर तिनं त्या गाडीला फाडलं. कातडी सोलावी तसा चेपलेल्या बाजूचा प्लायवूड उतरवला. पिळवटलेल्या चौकटीतून एकेक पितळी स्क्रू काढला. शाबूत बाजूच्या फासळ्यांची मापं घेऊन चेपलेल्या बाजूच्या नव्या फासळ्या कापल्या. पहिल्या सहा फुकट गेल्या. पटाशीनं तळहात फाटला, तो तिनं स्वतःच दोऱ्यानं शिवला. अकरा महिन्यांनी गाडी उभी राहिली आणि छपरावर तीन बादल्या पाणी ओतलं तरी आत थेंब आला नाही. शेजारचा मेंढपाळ बघायला आला होता. तो म्हणाला, "आमचीपण बघशील का गं? कोपऱ्यातून झाड उगवायचं बाकी राहिलंय." तिथून धंदा सुरू झाला.

व्हर्न हळूहळू उठला. आस, चाकं, ग्रीस, स्प्रिंगचे पाटे एवढं तो बघायचा, लाकडाला हात लावायचा नाही. माणसाला तर नाहीच. गावच्या दारूगुत्त्यात एकदा कुणी त्याच्या तोंडावर थुंकलं, तर रुमालानं पुसून त्यानं ग्लास संपवला. मर्लला ते आवडलं नाही. "एक तरी द्यायचीस," ती म्हणाली.

असं तीस वर्षं चाललं.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, एक माणूस ट्रक घेऊन आवारात आला. पन्नाशीचा, रुंद, मान भाजलेली. मर्ल एका गाडीच्या आत छपराच्या फळ्या बसवत होती. व्हर्न बाहेर चाकाच्या तुंब्यात ग्रीस भरत बसला होता.

"हॉलिस तूच का?"

"हो."

"मी नोएल क्विल्टी. डेसचा भाऊ. आई गेली गेल्या आठवड्यात. तीस वर्षं त्याचं ताट मांडत होती. तुझं चाललंय बरं इथे, सावलीत बसून."

व्हर्न उठून उभा राहिला. ग्रीसचे हात पँटला पुसले आणि ते तसेच खाली सोडले. "मार," तो म्हणाला.

पहिला ठोसा व्हर्नच्या कानावर बसला. दुसरा तोंडावर. व्हर्न पडला आणि पुन्हा उठला. नोएल ओरडला, "हात उचल! उचल ना! त्याच्यावर उचलला होतास तसा!" व्हर्ननं उचलला नाही. त्यानं नोएल आणखीच पिसाळला. बुटानं बरगड्यांत लाथा घालायला लागला. मर्ल दारात आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. नोएलनं तेवढ्यात कामाच्या फळीवरची कुऱ्हाड उचलली आणि आधी ती गाडीतच घातली. महिनाभर घासलेला नवा प्लायवूड एका घावात उघडा पडला. मग दुसरा. आणि मग कुऱ्हाड तशीच हातात घेऊन तो जमिनीवरच्या व्हर्नकडे वळला.

मर्लनं जॅकचा दांडा उचलला. लहानपणापासून ढोल बडवलेले, नंतर तीस वर्षं रंधा ओढलेले हात होते ते. नोएलच्या कोपराखाली दांडा बसला आणि वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. कुऱ्हाड पडली. तो गुडघ्यावर आला, तरी तिनं दांडा पुन्हा उचललाच.

"मर्ल." जमिनीवरून व्हर्न फुटक्या तोंडानं म्हणाला. "पुरे."

"तू गप्प बस! तुला मार खायचा शौक असेल तर दुसरीकडे जाऊन खा. माझ्या आवारात नाही."

पण तिनं दांडा खाली ठेवला.

व्हर्न स्वतःहून चालत घरात जाऊन पडला. हॉस्पिटलला जायला तयार होईना. नोएलच्या हाताचं हाड मात्र कातडीतून वर आलं होतं. मर्लनं शिव्या देत त्याला दोन फळ्यांत बांधलं आणि आपल्या ट्रकमध्ये घातलं. हॉस्पिटल साठ किलोमीटरवर. रस्ता खडबडीत, आणि प्रत्येक खड्ड्याला तो दात आवळून कण्हत होता. ती मुद्दाम खड्डा चुकवत नव्हती.

अर्ध्या वाटेत तो बोलायला लागला. "तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते? डेसला वर जायचं नव्हतं. मीच ढकललं होतं त्याला. घाबरतोस काय म्हणून हिणवलं होतं."

मर्लनं गिअर बदलला.

"मग तो पडला आणि आम्ही सगळे वेडेच झालो. हॉलिसची कॅराव्हॅन कुठली ते विचारत गेलो. दोर मीच बांधला होता तिला. तेवढंच एक काय ते हातून झालं त्या दिवशी. उलटवली साली."

मर्लनं ट्रक थांबवला. दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि तारेचं कुंपण, दुसरं काही नाही.

"मी होते आत," ती म्हणाली.

नोएलला कळायला वेळ लागला.

"पाच महिन्यांची मुलगी होती पोटात. ओरडत होते मी. ऐकलं नाहीस?"

"आम्हाला वाटलं रिकामी..." त्यानं फळ्यांत बांधलेला हात छातीशी ओढला. "एक आवाज आला होता. बाईचा. मला वाटलं मागे कुणीतरी..."

"उतर."

"अहो, हात..."

"उतर म्हणते ना!"

तो उतरला. उन्हात रस्ता वितळत होता. मर्लनं ट्रक सोडला आणि आरशात बघितलं नाही. पाचेक किलोमीटर गेली असेल. मग ती थांबली आणि स्टिअरिंगवर मुठी आपटत ओरडली, शब्द नव्हतेच त्यात, नुसतं ओरडणं. एकतीस वर्षांपूर्वी त्या हॉस्पिटलात यायला हवं होतं ते रडू आता आलं. एक लांबलचक माल-ट्रक धूळ उडवत शेजारून गेला. त्याच्या ड्रायव्हरनं हात केला. इथे सगळेच करतात. सवयीनं तिनंही केला.

मग तिनं ट्रक वळवला.

नोएल चालतच होता, मोडका हात छातीशी धरून. ओठ पांढरे पडले होते. ती शेजारी थांबली, आतून दार उघडलं आणि पाण्याची बाटली सीटवर टाकली.

"चढ. माफ केलेलं नाही. तू इथे मेलास तर मला परत पोलीस चौकशीला बसावं लागेल."

हॉस्पिटलच्या दाराशी त्याला उतरवून ती तशीच फिरली.

तिसऱ्या दिवशी पोलीस सार्जंट पावलक आवारात आला. व्हर्नचं सुजलेलं तोंड बघून त्यानं टोपी काढली. "काय झालं?"

"छपरावरून पडलो," व्हर्न म्हणाला.

"क्विल्टीही म्हणतो, छपरावरून पडलो. एकाच छपरावरून? एकमेकांवर पडलात की काय?"

"उंच आहे छप्पर," मर्ल म्हणाली.

सार्जंटनं गाडीच्या अंगावरचे कुऱ्हाडीचे घाव पाहिले, फळीशी टेकवलेला दांडा पाहिला. "मर्ल, असली छपरं बांधू नका हो," असं म्हणून निघून गेला.

व्हर्ननं विचारलं, "वाटेत काय बोलला तो?" मर्लनं त्याला सगळं सांगितलं, दोरासकट. व्हर्ननं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचा डावा कान पुढे कधीच बरा झाला नाही. बरगड्या जुळल्यावर पहिल्याच दिवशी तो उठला आणि त्या दुखावलेल्या गाडीचा फाटका प्लायवूड स्वतःच्या हातानं काढायला लागला. तीस वर्षांत प्रथमच तो लाकडाला शिवत होता. वाकडं कापत होता. मर्लनं तो कापत असताना एकदाही टोकलं नाही, नंतर गुपचूप दुसरा तुकडा बसवला.

व्हर्न गेला तो दोन हजार सात साली, हृदयविकारानं. वॉलांडाच्या दफनभूमीत वीसेक माणसं जमली. बाहेर कुंपणापाशी नोएल क्विल्टी टोपी हातात घेऊन उभा होता. म्हातारा झाला होता, उजवा हात कोपराखाली वाकडा. मर्ल त्याच्याकडे चालत गेली.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

"नको," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, टोपी डोक्यावर घातली आणि ट्रककडे गेला. मर्ल परत येऊन खड्ड्याशी उभी राहिली आणि पहिली मूठभर माती तिनं टाकली. त्या आठवड्यात एका शिक्षिकेची कॅराव्हॅन दुरुस्त करून द्यायची कबूल केली होती. सोमवारी सकाळी तिनं आवाराचं फाटक उघडलं.