सापांचं गोत्र

निराश होण्याची एवढी चिकाटी मी दुसऱ्या कुठल्याही माणसात पाहिलेली नाही. आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान, जर्मनीत त्सुफेनहाउझेनला राहतात, गाड्यांच्या कारखान्यात रंगविभागात इंजिनिअर आहेत आणि घरी बोआ नावाचे अजगरासारखे साप ठेवतात. ‘पाळतात’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. "पाळायला काय, कुत्रंही पाळता येतं. मी वंश वाढवतो!" त्यांना हवा आहे सोनेरी बोआ, अंगावर काळ्याचा ठिपकाही नसलेला, आणि तोही आपल्या घरात जन्मलेला. कारखान्यात गिऱ्हाईक मागेल तो रंग ते अचूक उतरवून देतात. घरी मात्र अकरा वर्षांत त्यांच्या पदरी तपकिरीशिवाय काही पडलेलं नाही.

सिग्नलला शेजारी लाल गाडी थांबली की हे म्हणणार, "यात निळा जरा जास्त झालाय." आमची मुलगी झाली तेव्हा बारशाला येऊन त्यांनी आधी तिचे डोळे पाहिले. "घारे आहेत. तुमच्या दोघांचे नाहीत. आल्झो, म्हणजे कुठेतरी दडलेले असणार!" माझी आई तिथेच बसली होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र त्यांना दिसला नाही. त्यांच्या फ्रीझरमध्ये सापांचे गोठवलेले उंदीर आणि ताईंचा खोवलेला नारळ शेजारी शेजारी असतात. एकदा नारळ काढायला मी आत हात घातला आणि हाताला शेपटी लागली. तेव्हापासून त्यांच्याकडे मी फक्त चहा घेतो. सापांच्या खोलीत बारा महिने तीस डिग्री, आणि बाहेर हॉलमध्ये ताई दोन स्वेटर घालून बसलेल्या. साडू म्हणतात, "अगं, त्यांना थंडी सोसत नाही." ताई म्हणतात, "मला सोसते का, ते विचारलंत कधी?"

ताईंना सांगलीला परत जायचं आहे. त्यांची आई तिथे एकटी असते आणि दर रविवारी फोनवर एकच विचारते, "कधी येताय गं कायमचे?" अकरा वर्षांपूर्वी सोनेरी नराचं पिल्लू घरी आणलं तेव्हा साडूंनी शब्द दिला होता, "याच्या पोटचं एक सोनेरी पिल्लू या घरात झालं, की त्याच महिन्यात निघू." ताईंना वाटलं, दोन वर्षांचा प्रश्न. ज्या बाईनं सापाला कधी साप म्हटलं नाही, नेहमी ‘जनावर’च म्हटलं, ती बाई त्या दिवसापासून जनावरांची खुशाली विचारू लागली.

नर मोठा झाला, साध्या तपकिरी मादीशी त्याचं जमलं, पिल्लं झाली. सगळी तपकिरी. हे अपेक्षितच होतं. साडूंचा एक म्हातारा जर्मन मित्र आहे, सारं आयुष्य त्यानं बोआंचा वंश वाढवण्यातच घातलं. तो म्हणाला, रंग या पिल्लांच्या पोटात दडलेला आहे. यातली एक मुलगी मोठी करून बापाशीच जमवा, निम्मी सोनेरी होतील, सगळे तसंच करतात. साडू ताडकन उठले. "बापाशी मुलगी? आमच्यात सगोत्रसुद्धा चालत नाही!" ती सगळी पिल्लं त्यांनी वाटून टाकली आणि डार्मश्टाटहून सोनेरी मादी आणली, मुद्दाम अगदी वेगळ्या घराण्यातली. मला फोन केला तेव्हा आवाजात सोयरीक जुळल्याचा आनंद होता. "दोघंही सोनेरी, आणि गोत्र वेगळं! आता सगळीच्या सगळी सोनेरी. गेनाऊ, अगदी बरोब्बर!"

मादी वाढवण्यात चार वर्षं गेली. पुढची दोन वर्षं तिनं नराकडे पाहिलंही नाही. मग दिवस राहिले. ताईंनी बॅगा माळ्यावरून खाली काढल्या. गेल्या ऑक्टोबरात, रविवारी सकाळी, आम्ही तिथेच असताना मादी व्याली. तेवीस पिल्लं. साडूंनी एकेक पिल्लू पुसून खिडकीच्या उजेडात धरलं. तेवीसही तपकिरी.

त्यांनी मित्राला फोन लावला. मित्रानं आधी घराणी विचारली आणि मग उसासा टाकला. सोनेरी रंग म्हणजे एक दोषच, पण या दोन घराण्यांतले दोष वेगवेगळे. पिल्लाला एकच दोष दोन्हीकडून मिळाला तरच ते सोनेरी होतं. गोत्र वेगळं काढलं, तिथेच सगळं संपलं होतं. आता याच पिल्लांतले भाऊबहीण मोठे करून जमवायचे, तर काही सोनेरी होतील. आणखी चार वर्षांनी.

"आई चार वर्षं थांबायची नाही हो," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला फार लागलं. साडू ओलं फडकं पिळत राहिले. मग म्हणाले, "तू हो पुढे." फेब्रुवारीत ताई एकट्या गेल्या.

मला साडूंचा राग येतो. एवढा शिकलेला माणूस, आणि एका शब्दाशी स्वतःला असं बांधून घेतो! पण त्यांच्यासमोर बसलं की राग टिकत नाही, नुसतं वाईट वाटतं. परवा गेलो होतो. एकवीस पिल्लं त्यांनी देऊन टाकली आहेत, दोन ठेवली आहेत, एक भाऊ आणि एक बहीण. मी विचारलं, "साडूभाऊ, सांगलीला कधी निघताय?"

"सोनेरी झालं की लगेच," ते म्हणाले.

भाऊ एका पेटीत होता, बहीण दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना पाहूही नये म्हणून मध्ये त्यांनी जाड पुठ्ठा उभा केला होता. मी निघालो तेव्हा तो जरासा कलला होता आणि साडू तो हलक्या हातानं सरळ करत होते.