खोटं वाक्य चालणार नाही

रविवारी सकाळी मी कुकर लावत होते आणि फोन वाजला. भाऊसाहेबांचा, सुलभाच्या नवऱ्याचा. "मॅडम, सुलभा गेली. पहाटं. या," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवून दिला. आमच्या कोथरूडात माणूस गेल्याची बातमीसुद्धा 'आत्ता बोलू शकता का' असं विचारून, आजारपणाचा सगळा इतिहास ऐकवून मग देतात. खांदव्यांच्या घरात तसलं काही नाही. मी गॅस बंद केला, स्कूटर काढली आणि निघाले. विश्रांतवाडीच्या पुढे धानोरीपर्यंत अख्खं शहर ओलांडायचं... समोरचं नीट दिसेना. एका चौकात सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही, तर मागच्या स्कूटरवरचे आजोबा म्हणाले, "अहो बाई, रडायचं असेल तर गाडी कडेला घ्या. लोकांना कामं असतात." इतका संताप आला की रडू थांबलं. मग वाटलं, हे सुलभाला सांगायला हवं, पोट धरून हसेल ती... आणि पुन्हा सुरू झालं.

सुलभा खांदवे आमच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवायची, मी गणित. आळंदी रस्त्यावरची मराठी माध्यमाची साधी शाळा आमची. ती धानोरीची सून. घर शेतकऱ्याचं, शेतं जाऊन इमारती आल्या तरी यांच्या दारात म्हशी होत्या, आणि बाई सकाळी धार काढून, लुगड्याच्या घडीसारखी कडक साडी नेसून इंग्रजी शिकवायला हजर! मी बदलून या शाळेत आले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "इतक्या लांबनं येता? कोथरूडात गणित संपलं काय?" शहरातल्या जिभेचा मला जन्माचा सराव, पण हा टोला तिकडून येईल असं वाटलं नव्हतं. त्याच दिवशी डबा एकत्र खाल्ला, तो वीसेक वर्षं एकत्रच खाल्ला.

तिच्या शिकवण्याबद्दल सांगितल्याशिवाय ती सांगता येणार नाही. इंग्रजी शब्द पाठ करायची आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाइड आणायचं, शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ, पाढे म्हणावेत तसं घोकायचं, पेपर झाला की विसरून जायचं. सुलभाला याचा भयंकर राग. "पोरांच्या डोक्यात शब्द आहेत गं, तोंडात नाहीत," म्हणायची. तिच्या वर्गात सोमवारी फळ्यावर मोजके शब्द लिहिले जायचे आणि आठवडाभर प्रत्येकानं त्यातला एकेक शब्द वाक्यात वापरून दाखवायचा. अट एकच. वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं आणि खरं हवं. खरं की खोटं हे ठरवणार वर्ग. खरं ठरलं की सुलभा डस्टर टेबलावर आपटायची आणि म्हणायची, "घे, शब्द तुझा." खोटं असलं की अख्खा वर्ग ओरडायचा, "खोटं!" एखादा छाती काढून म्हणाला, "आय अॅम जनरस," की मागच्या बाकावरून आलंच, "खोटं! काल भेळ एकट्यानं खाल्ली, मॅडम!"

आमचे वर्ग शेजारी शेजारी, मध्ये नावाला भिंत. मी इकडे प्रमेयाची सिद्धता मांडत असायची, 'म्हणून कोन समान आहेत' असं म्हणायची, आणि पलीकडून गर्जना व्हायची, "खोटं!" माझी पोरं फिदीफिदी हसायची. मी तणतणत तिच्याकडे जायची, तर ही वर मलाच विचारायची, "तपासून बघितलंस ना पण? कोन समान आहेत ना?"

एकदा मात्र भिंतीपलीकडे अचानक सगळं शांत झालं. इतकं की मला काळजी वाटली. मधल्या सुट्टीत तिनं सांगितलं. शब्द होता एक्झॉस्टेड. सोमनाथ नावाचा मुलगा, वडील मार्केट यार्डात हमाल, पहाटे घर सोडणारे. तो उठून म्हणाला, "माय फादर इज एक्झॉस्टेड, बट ही नेव्हर सेज इट." सुलभानं डस्टरसुद्धा आपटला नाही म्हणे, हळूच ठेवला. "आता तो शब्द मरेपर्यंत जायचा नाही त्याच्याकडनं," म्हणाली आणि पोळीचा घास तसाच हातात धरून बसली.

अर्थात यातून भानगडीही व्हायच्या. क्वारल हा शब्द शिकवला तेव्हा एक पालक तावातावानं आले. "मॅडम, आमच्या घरातली भांडणं इंग्रजीत कशाला?" त्यांचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. सुलभालाही ते पटलं. मग तिनं नियमाला पुरवणी जोडली. वाक्य सांगायचं नसेल तर गप्प बसायचं, 'राखून ठेवते' म्हणायचं, कोणी विचारणार नाही. पण खोटं वाक्य चालणार नाही.

मला तिची पद्धत पूर्ण पटली होती असं नाही. मी गणितवाली. "अगं, अशानं वर्षात होणार किती शब्द?" मी विचारायची. "होतील तेवढे होतील." "आणि बोर्डात?" "बोर्डाचं बोर्ड बघेल. तू जेव." तिच्या मुलांना धो धो मार्क पडायचे असंही नव्हे. पण बाकीच्या वर्गातली पोरं इंग्रजीत नाव विचारलं तरी जमिनीकडे बघायची, तिची पोरं मान वर करून बोलायची. मोडकंतोडकं बोलायची, पण बोलायची.

गेल्या दिवाळीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून काढलं, मग तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि बराच पसरलेला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. घरातल्यांनी मात्र ठेवला. सासूबाई, दीर, जावा, स्वतः भाऊसाहेब, जो तो खोलीत येऊन तेच म्हणायचा, "होशील गं बरी." शाळेत मुख्याध्यापक सरांनी दहावीच्या वर्गात सूचना वाचून दाखवली : खांदवे मॅडम प्रशिक्षणासाठी रजेवर आहेत. बोर्डाचं वर्ष, मुलं हबकतील, हा त्यांचा हेतू. मलाही तेच योग्य वाटलं. खरं सांगायचं तर मी त्यांना हो म्हटलं होतं.

सुलभाला हे कळलं ते एका मुलीच्या फोनमुळे. अंकिता तिचं नाव. "मॅडम, ट्रेनिंग कसं चाललंय?" असं तिनं आनंदानं विचारलं. त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा सुलभा पलंगावर उठून बसली होती, चेहरा लाल. "माझ्या नावावर खोटं वाक्य खपवलंत तुम्ही."

"पोरांची परीक्षा आहे सुलभा. आणि तुझाच नियम ना, गप्प बसता येतं?"

"गप्पच बसणार होते गं मी. राखून ठेवलं होतं. पण तुम्ही गप्प कुठं बसलात?" तिला धाप लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "आयुष्यभर मी त्यांचं एक वाक्य खोटं घेतलं नाही. आता मी मेल्यावर त्यांना कळणार, की मॅडमचंच खोटं होतं. मग आधीचे सगळे शब्द गेले ना पाण्यात?"

मी खूप समजावलं. भांडलेसुद्धा. आजारी माणसाशी भांडू नये, पण ती आजाऱ्यासारखी ऐकून घेईल तर ना! शेवटी मुख्याध्यापकांना मीच सांगितलं, ती येणार आहे, अडवून उपयोग नाही. रिक्षातून भाऊसाहेब आणि मी तिला घेऊन आलो. साडी तीच कडक, आत माणूस निम्मं. वर्गात मुलं उभी राहिली ती बसेचनात. तिनं खडू घेतला, फळ्यावर रिकव्हर हा शब्द लिहिला, अक्षर वाकडं आलं. मग खुर्चीत बसून शांतपणे म्हणाली, "आय वॉज नॉट अॅट अ ट्रेनिंग. आय अॅम इल. आय विल नॉट रिकव्हर."

भाऊसाहेब आणि मी दारात. मला वाटलं, आता मुलं रडणार. कोणी रडलं नाही. पहिल्या बाकावरची अंकिता ताडकन उठली आणि ओरडली, "खोटं!"

मग मागून दुसरा. मग सगळे. "खोटं! खोटं! खोटं!" मुठी आवळून, गळ्याच्या शिरा ताणून पोरं ओरडत होती. वर्षानुवर्षं मी भिंतीपलीकडून ज्या आवाजावर वैतागले तोच हा आवाज.

तिनं त्यांना ओरडू दिलं. आवाज बसल्यावर म्हणाली, "नाही रे बाळांनो. खरं आहे. तुम्हाला ते नको आहे, हेही खरं आहे. पण ते वाक्य वेगळं. ते नीट करून सांगा बघू." अंकिता उभीच होती. नाक पुसत म्हणाली, "वी... वी होप यू विल रिकव्हर, मॅडम." होप, पाचवीपासून येणारा सोपा शब्द, त्याच्यावर वाक्य करायची कोणाला कधी गरजच पडली नव्हती. सुलभानं वर्गाकडे पाहिलं. कोणीही 'खोटं' म्हणालं नाही. तिनं डस्टर उचलून आपटला. फार जोर नव्हता हातात. "घे," म्हणाली, "शब्द तुझा."

मुलांना सांगायला नको होतं का? अंकिताचा सराव परीक्षेतला एक पेपर कोरा गेला, तिची आई मला भेटून बरंच बोलली. मी ऐकून घेतलं. माझं बरोबर होतं की सुलभाचं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. पण त्या दिवशी परतताना रिक्षात जे झालं ते मी पाहिलंय. ती मध्ये, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब. हा माणूस महिनोन्महिने 'होशील बरी'च्या पलीकडे गेला नव्हता. अचानक रस्त्याकडे बघत म्हणाला, "मला लई भ्या वाटतंय, सुलभा." तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "मलाबी," म्हणाली. मी घरापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत राहिले.

त्यानंतर ती दोघं रोज संध्याकाळी दारातल्या ओट्यावर खुर्च्या टाकून बसायची आणि बोलायची. म्हशी कोणाला द्यायच्या, मुलाच्या लग्नात रडायचं नाही, कोण भेटायला आलं तर चालेल आणि कोण नको... सगळं. बोर्डाची परीक्षा तिनं पार पडू दिली. शेवटचा पेपर झाल्यावर मुलं आधी तिच्याकडे जाऊन मग घरी गेली. उन्हाळ्यात ती गेली.

शाळा पुन्हा सुरू झालीय. परवा सुटल्यावर मी धानोरीला वळले. भाऊसाहेब ओट्यावर एकटेच होते, शेजारची खुर्ची रिकामी. मी नेहमीसारखं विचारलं, "कसे आहात?" इतक्या वर्षांत या प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच असायचं, 'मजेत हाय'. म्हणाले, "बरा न्हाई मी, मॅडम."

अशा वेळी बोलायची वाक्यं आपल्याजवळ तयार असतात. धीर धरा, तिची सुटका झाली, काळजी घ्या. वाटेत मी ती जुळवूनही ठेवली होती. एकही तोंडातून निघेना. मी म्हणाले, "मलाही शाळेत जावंसं वाटत नाही हो तिच्याशिवाय. डबा तसाच परत आणते."

त्यांनी मान हलवली. मग शेजारच्या खुर्चीवरचं पान हातानं झटकलं आणि ती माझ्याकडे सरकवली. मी घुटमळले. "तिचीच हाय," ते म्हणाले, "पण बसा."

मी बसले.